कोण कुठे हसलं

बाबा,

तुम्ही गेल्यापासून घरात माझं म्हणणं कोणी खोडून काढत नाही. निखिल नुसता 'हं' म्हणतो, ईरा कानात इअरफोनची बोंडं घालून बसते, आणि मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी ते पडलंच नाही असं एकटीच ठरवून मोकळी होते. सासऱ्यांशी वाद घालण्यात माझी अकरा वर्षं गेली. ही सवय आता कुठे नेऊन टाकायची, कळत नाही. ऑफिसात थोडी वापरून पाहिली. पण इथे सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या माणसांना भांडायला वेळ नसतो, ते मीटिंग लावतात.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, 'जुन्या जमान्यातले टीव्ही स्टार.' तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "स्टार कसला? विमा कंपनीत कारकून होतो. आठवड्यातून एकदा साहेबांना सांगून लवकर निघायचो, एवढंच." मी म्हणाले असते, "होतात स्टार, मान्य करा." आणि मग पोहे गार होईपर्यंत ते चाललं असतं. आता पोहे गरम असतानाच खाऊन होतात.

मी तुमचा तो कार्यक्रम पाहिलेला नाही. आता कोणालाच तो पाहता येणार नाही. तुम्ही सांगितलंत तेवढंच माझ्याजवळ आहे आणि तेच इथे उगाळते आहे. चुकलं तर खोडायला तुम्ही नाही, तेव्हा जपून सांगते.

मुंबईत टीव्ही नवा नवा आलेला. एकच केंद्र, तेही संध्याकाळपुरतं. टेप महाग, म्हणून पुष्कळसं थेट. तुम्ही इकडे बोलायचात आणि त्याच क्षणी ते लोकांच्या घरात जायचं, आणि गेलं की गेलं. तुम्ही दिवसा कारकून, संध्याकाळी हौशी नाटकवाले. तिथून कोणीतरी तुम्हाला उचललं आणि आठवड्यातून एकदा, बातम्यांच्या आधी, 'दोन दिवसांसाठी' नावाच्या विनोदी कार्यक्रमात उभं केलं. गणपतीनंतर तो सुरू झाला आणि दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच बंद झाला. का बंद झाला ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. "मग विचारलं का नाहीत?" असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पाहुण्याने यजमानाला असलं काही विचारायचं नसतं."

कारण तुम्ही त्यात पाहुणे होतात. केशवराव. एका नवरा-बायकोच्या घरी दोन दिवसांसाठी आलेले आणि न गेलेले. दर आठवड्याला केशवराव वळकटी बांधायचे, निरोप घ्यायचे, दारापर्यंत जायचे. दाराशी थांबायचे. स्वयंपाकाच्या वासाने नाक किंचित वर करायचे. मग म्हणायचे, "वहिनी, निघताना माणसाने उपाशी निघू नये असं माझी आई म्हणायची. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. फार कडक होती." आणि वळकटी खाली. मी हे वाक्य तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी 'कडक'वर हसले.

पण तुम्ही हसणं कधी ऐकलंच नव्हतं. हे मला पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा माझा विश्वास बसला नाही. त्या स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. दिव्यांचा भट्टीसारखा उकाडा, तीन भिंतींचं घर, दोन कॅमेरे, आणि कानाला हेडफोन लावलेली माणसं. माइक उघडे, त्यामुळे कोणी खोकायचंही नाही. हसायचं तर नाहीच. सुरू होण्याआधी फ्लोअर मॅनेजर ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे एकदा फिरून बघायचा. त्या शांततेत तुम्ही विनोद करायचात. वाक्य टाकायचं, मनातल्या मनात हसण्याएवढी जागा सोडायची, पुढचं वाक्य टाकायचं. एकदा तुम्ही दाराशी थांबलात आणि कॅमेरा हलला. कॅमेरामन आतल्या आत हसत होता. नंतर त्याला बोलणी बसली. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत तुम्हाला मिळालेली ती एकच दाद, आणि ती सांगताना तुम्ही त्या माणसाची बाजू घ्यायचात, "चांगला मुलगा होता, कॅमेरा एरवी गच्च धरायचा."

बाकीची दाद आईंनी आणली. तुमचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. तुमच्या मजल्यावर टीव्ही होता तो समोरच्या देवधरांकडे. कार्यक्रमाच्या दिवशी अख्खा मजला त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायचा, आईही जायच्या. तुम्ही घरी पोचलात की त्या पान वाढायच्या आणि वाढता वाढता सांगायच्या. वळकटी खाली ठेवलीत तिथे देवधर भाऊजी एकदम फुटले. वास घेतलात तिथे आधी बायका हसल्या, मग पुरुष. यजमानाशी भांडलात ते फार लांबलं, मुलं चुळबुळ करायला लागली. देवधरांच्या कुसुमताई, त्यांच्या सासूबाई सगळ्यांच्या नंतर हसतात, त्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी थांबू नका. तुम्ही जेवताना हे सगळं मनात नोंदवून घ्यायचात आणि पुढच्या आठवड्यात तसं करायचात. मुलं चुळबुळली ते काढून टाकायचात. बायका हसल्या तिथे जागा वाढवायचात.

आई गेल्या आणि तुम्ही सिंगापूरला आलात. दोन महिन्यांसाठी आलात, हे मी लिहायलाच हवं, कारण ईरा तेव्हा चार वर्षांची होती आणि तिसऱ्या महिन्यात तिने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, "आजोबा, यू से टू मंथ्स वॉट?" तुम्ही इतके खूश झालात की लगेच कपाटावरची बॅग काढलीत, तिचा निरोप घेतलात, दारापर्यंत गेलात आणि नाक वर केलंत. त्या दिवसापासून ती शाळेत निघाली की बॅग घेऊन दाराशी तुम्ही. लिफ्ट येईपर्यंत रोजचा खेळ. मोठी झाल्यावर ती डोळे फिरवून, उगाच न कळल्याचं सोंग करू नका अशा अर्थाचं इथलं इंग्रजी म्हणायला लागली, "आजोबा, डोन्ट ॲक्ट ब्लर लाह. यू नॉट गोइंग एनीव्हेअर." आता दार ती एकटीच उघडते. दाराशी क्षणभर थांबते, मग जाते.

मला वाटतं तेव्हा तुम्ही सुखात होतात. बुकित बातोकमधल्या आपल्या इमारतीखाली तुमची ठरलेली खुर्ची होती, हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्याला तुम्ही साखर कमी घालायला शिकवून हरला होतात, आणि रविवारी लिटिल इंडियात भाजी आणायला माझ्याबरोबर यायचात ते कोथिंबिरीवरून भांडायला. तिथेच एका मिठाईच्या दुकानात कोणाचे तरी मुंबईहून आलेले वडील भेटले. ते म्हणाले, "हो हो, तुमचा कार्यक्रम मी बघितलाय. ते कुत्रं किती गोड होतं." तुम्ही हात जोडलेत, आभार मानलेत. बाहेर आल्यावर म्हणालात, "माझ्या कार्यक्रमात कुत्रं नव्हतं." असे पुष्कळ भेटले. सगळ्यांना आठवायचं आणि सगळ्यांना दुसरंच काहीतरी आठवायचं. तुम्हाला वाईट वाटायचं नाही. "लोक चांगले असतात," म्हणायचात, "समोरच्याला नाही म्हणवत नाही त्यांना."

मग तो गणेशोत्सव आला. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी आग्रह केला आणि तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं होतं नाही म्हणाल. कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये 'दोन दिवसांसाठी'चा एक भाग, अर्ध्या शतकानंतर. पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर यजमान झाला, मी वहिनी झाले. माझी योगासनांची चटई गुंडाळून, दोरी बांधून तुमची वळकटी केली. महिनाभर तालमी झाल्या आपल्या हॉलमध्ये, सोफा सरकवून, आणि तालमीत तुम्ही अप्रतिम होतात. हे मी सून म्हणून सांगत नाही. मला नाटकातलं कळत नाही, पण माणूस कधी आपल्या जागेवर उभा आहे हे कळतं.

त्या दिवशी पडदा उघडला, तुम्ही चटईची वळकटी काखेत मारून आत आलात आणि हॉल हसला. शंभर-दोनशे माणसं एकदम हसली. तुम्ही दचकलात. मी शेजारीच उभी होते, मी तुमचे डोळे पाहिले. तुम्ही डावीकडे विंगेत पाहिलंत, मग उजवीकडे, जसं काही कोणाकडून मोठी चूक झाली आहे. आणि मग लोकांकडे तोंड करून तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत.

हॉल आणखी हसला. त्यांना वाटलं हे नाटकातलंच आहे. पण तालमीत ते नव्हतं. तुम्ही त्यांना खरोखरच गप्प करत होतात, कारण तुम्ही शिकलात तिथे हसणं म्हणजे कार्यक्रम बिघडणं होतं. त्यानंतर तुम्ही पळत सुटलात. वाक्य, मनातली तुमची जुनी मोजलेली जागा, पुढचं वाक्य. लोकांचं हसू त्या जागेपेक्षा मोठं होतं. पुढची वाक्यं त्यात बुडत गेली. लोकांना ऐकू येईना, म्हणून ते हळूहळू हसायचे थांबले. दाराशी आलात तेव्हा मी पदराआडून म्हटलं, "बाबा, थांबा, त्यांना हसू दे." तुम्ही माझ्याकडे न बघता पुटपुटलात, "बातम्या आहेत पुढे."

तुमचा आवाज खरा होता. त्या क्षणी तुम्ही सिंगापुरात नव्हतातच.

टाळ्या पडल्या. वडीलधाऱ्या माणसाला पडतात तशा. टॅक्सीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तिकडेच बघत म्हणालात, "फार आवाज होता."

आपला शेवटचा, मोठा, न संपलेला वाद तिथून सुरू झाला. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तुम्ही सहज म्हणावं तसं म्हणालात, "मृणाल, ज्याला हसणं ओळखता येत नाही तो कसला विनोदी नट? शालनने मला सांभाळून घेतलं असणार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि इतका राग आला. "आई खोटं सांगायच्या असं म्हणायचंय तुम्हाला?"

"खोटं नाही गं. बायको होती ती. दमून आलेल्या नवऱ्याला जेवताना काय सांगेल? कोणी हसलं नाही म्हणून?"

"पण त्या कोणी हसलं नाही हेही सांगायच्या की. मुलं चुळबुळली म्हणायच्या. खोटंच बोलायचं तर सगळीकडे हसले म्हणाल्या नसत्या का?"

तुम्ही मेथीची काडी माझ्यासमोर धरलीत. "चांगलं खोटं असंच बोलतात. मधूनमधून खरं मिसळून. मी विम्यात होतो, मला शिकवू नकोस."

मी किती बाजूंनी लढले, बाबा. आई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी ती बोलली असती. कुसुमताई देवधर अजून आहेत, मुलाकडे डोंबिवलीला असतात, फोन करून विचारू या म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तीही हसलो हसलो म्हणेल. कदाचित कुत्रंही आठवेल तिला." निखिल मला आत बोलावून म्हणाला, "सोड ना, कशाला उकरून काढतेस?" पण मी उकरत नव्हते. तुम्हीच रोज नवा मुद्दा घेऊन यायचात. मला दिसत होतं की हा वाद तुम्हाला हरायचा होता, आणि तुम्ही इतके प्रामाणिक होतात की लटकं हरणं तुम्हाला जमत नव्हतं.

मग तुम्ही तो हुकमाचा पत्ता काढलात. एका शनिवारी आपण सगळे मिळून एक विनोदी सिनेमा पाहिला. संपल्यावर टीव्ही बंद केलात आणि मला विचारलंत, "सांग. निखिल कुठे हसला? ईरा कुठे हसली? कोण आधी, कोण मागून?"

मी आठवून पाहिलं. निखिल हसला होता, खूप हसला होता. कुठे, ते सांगता येईना. ईरा उशी तोंडावर दाबून हसली ते एक आठवलं, पण कशाला हसली ते नाही. मी स्वतःच हसत होते, मी पडद्याकडे बघत होते.

"बघ," तुम्ही म्हणालात. "चार माणसं होती आपण. तिथे वीस-पंचवीस असायची. त्यातलं एकेकाचं शालन सांगायची. कुठल्या वाक्याला, कोण, कसं. कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला हे लक्षात राहत नाही, मृणाल. राहूच शकत नाही. म्हणजे मी घरी पोचेपर्यंत ती रचायची." आणि मग हळू आवाजात, जवळजवळ कौतुकाने म्हणालात, "काय सुंदर रचायची."

मी नेहमीसारखी फणकारले, भांडी आदळली. पण खरं सांगू, मलाही तुमचं पटायला लागलं होतं. तुम्हाला ते दिसलं असणार. त्यानंतर तुम्ही केशवरावाची गोष्ट कोणाला सांगितली नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचात, "होतं काहीतरी, चाललं नाही."

ह्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. तुमचं वय झालं होतं, फुप्फुसं थकली होती, डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. जाण्याची तयारी तुम्ही आमच्यापेक्षा बरी केली होतीत. पण जाताना तुमच्याजवळ ते एक सुख असायला हवं होतं. तरुणपणी, थोडे दिवस का होईना, कुठल्यातरी खोलीत माणसं तुमच्यामुळे पोट धरून हसली होती, एवढं. ते तुम्ही स्वतःच स्वतःकडून काढून घेतलंत, आणि मी ते तुम्हाला परत देऊ शकले नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "उत्तर सापडलं का?" कसलं उत्तर, हे मला विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, "घरी चला, मग सांगते."

"म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात आणि हसलात. नर्स धावत आली आणि तिने मास्क नीट लावला. घरी आम्ही तुमच्याशिवाय आलो.

दहाव्याला पिंड ठेवायचा तर इथे पक्ष्यांना खायला घालायची बंदी. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. कावळा शिवेना तर माणसाची काही इच्छा राहिली असं म्हणतात, मग नातेवाईक हात जोडून सांगतात, तुमचं अमुक आम्ही बघू, तमुक करू. दर्भाच्या कावळ्याचं काय, तो शिवतोच. निखिलने नमस्कार केला. मी उभी राहिले. माझ्याजवळ तुम्हाला सांगायला काही नव्हतं, आणि खोट्या आश्वासनाला तुम्ही फसला नसतात. तुम्ही विम्यात होतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुसुमताईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने व्हिडिओ लावून दिला होता, आम्हाला बराच वेळ नुसतं कपाळ आणि पंखा दिसत होता. निखिल आणि मी डायनिंग टेबलाशी बसलो होतो. त्यांनी विचारपूस केली, फार हाल झाले नाहीत ना म्हणाल्या, आणि मग आपल्याच नादात बोलायला लागल्या. शपथेवर सांगते, मी काही विचारलं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यांचा तो कार्यक्रम आमच्याकडेच बघायचे गं सगळे. आमच्याकडे टीव्ही आला होता ना. चपला ठेवायला जागा नसायची. पण तुझी सासू म्हणजे वेडीच होती."

"का हो?" मी म्हटलं.

"ती टीव्हीकडे पाठ करून बसायची."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली.

"अगं, खरंच. टीव्हीला पाठ आणि आमच्याकडे तोंड. आम्हाला आधी वाटलं लाजते. नवं लग्न, नवरा टीव्हीवर. आम्ही म्हणायचो, शालन, अगं वळ की, आला बघ तुझा नवरा. तर म्हणायची, ह्यांना मी रोज बघते घरात. तुम्ही कसे हसता ते ह्यांना कोण सांगणार?" पंखा हलला, मुलाने फोन सरळ केला, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या. "अशी टक लावून बघायची एकेकाकडे, की आमच्या सासूबाईंना हसायची चोरी झाली होती. म्हणायच्या, ही पोलिसासारखी काय बघते? पण आमच्या ह्यांचं हसणं कुठलं थांबतंय. ते केशवराव दाराशी थांबले की हे मांडी थोपटायला लागायचे."

नंतर त्या कोणाकोणाच्या तब्येतीचं बोलल्या. ते मी ऐकलं नाही. फोन ठेवल्यावर निखिल उठून तुमच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तुम्ही गेलात तेव्हा तो रडला नव्हता. त्या दिवशी रडला.

बाबा, तुमचं म्हणणं बरोबर होतं. कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला कोण कुठे हसलं हे लक्षात राहत नाही. आईंच्या लक्षात राहिलं, कारण त्यांनी कार्यक्रम पाहिलाच नाही. एकही भाग नाही. मजल्यावरची सगळी माणसं तुम्हाला बघायला त्या खोलीत जमायची, आणि ज्यांना तुम्हाला बघायची सगळ्यांत जास्त हौस असणार, त्या तुमच्याकडे पाठ करून बसायच्या. तुमचा आवाज पाठीमागून येत असेल. वळावंसं वाटत असेल. वर्षभराच्या नवरीला का नाही वाटणार? पण वळलं तर देवधर भाऊजी हसले ते सुटेल, म्हणून त्या वळल्या नाहीत. आणि घरी येऊन पान वाढताना हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला ठाऊक नाही. कदाचित तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही म्हणाला असतात, पुढच्या वेळी वळून बस, आणि मग तुम्हाला लोकांचं सांगायला कोणीच उरलं नसतं.

त्यांनी काही रचलं नव्हतं. देवधर खरोखर फुटले होते. बायका आधी हसल्या होत्या, मग पुरुष. मुलं चुळबुळली होती तीही खरी. लोक हसत होते, बाबा. तुमची मनातली जागा बरोबर होती, तुम्ही ती त्या हसण्याच्या मापाने कापली होती, आणि माप आईंनी आणलं होतं.

तुम्ही थोडे दिवस थांबला असतात तर. मी हे रोज म्हणते आणि रोज स्वतःवर चिडते. मीच डोंबिवलीला फोन केला असता तर, असंही म्हणते, पण तुम्ही करू दिला नव्हतात, आणि त्या काय सांगतील हे आपल्या दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. आता हे उत्तर घेऊन मी घरभर फिरते. ईराला सांगितलं. ती म्हणाली, "सो आजी नेव्हर सॉ हिम? नॉट इव्हन वन टाइम?" मी नाही म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली.

वाद मी जिंकले, बाबा. ऐकायला तुम्ही हवे होतात.